अंगणातला दगड : बालाघाटचा माळ आणि लंडनची शिळाबाग

आजचा विषय अगदी घरापुढचा आहे. अंगणातला दगड.

बीडहून सोलापूरच्या दिशेनं निघालं की घाट चढून मांजरसुंबा लागतं. आपण इथं थांबतो ते चहाला, नाहीतर कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला वळायला. पायाखाली काय आहे ते कोण बघतो? हा बालाघाटचा माळ. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. अशा जागी घर बांधलं की अंगणाचा एखादा कोपरा उताराचा, खडकाळ राहतोच. मग ट्रॉलीभर काळी माती आणून टाकायची आणि दोन वळवाच्या पावसांत ती वाहून गेलेली बघायची. नाहीतर सरळ फरशी. फरशी आली की पाणी मुरायचं बंद.

आता गंमत बघा. १७७२ साली जोसेफ बँक्स हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आइसलँडला गेला आणि येताना जहाजाच्या तळाशी वजन म्हणून तिथला लाव्हा घेऊन आला. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेल्सी औषधी बागेत तो दगड आणि टॉवर ऑफ लंडनचे जुने चिरे रचून शिळाबाग उभी राहिली. युरोपातल्या सगळ्यात जुन्या शिळाबागांपैकी ही एक. आइसलँडचा लाव्हा बहुतेक बेसॉल्टच, आपल्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊ म्हणा. त्यांनी समुद्र ओलांडून आणला, आपण ट्रॅक्टर लावून काढून टाकतो.

पुढे हे फॅड झालं. रेजिनाल्ड फॅररनं १९०७ साली शिळाबागेवर पुस्तक लिहिलं, त्यात मातीच्या ढिगाऱ्यावर बदाम टोचल्यासारखे दगड खोवणाऱ्यांची यथेच्छ टिंगल आहे. त्याचं म्हणणं, दगड डोंगरात जसा बसलेला असतो तसा बसवा.

हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय माहीत होतं. चुना-सिमेंट न लावता रचलेली पौळ, उतारावरची ताल, दगडी बांध, सगळ्यांचं काम एकच : पाणी अडवायचं, माती धरायची. १९७२ च्या दुष्काळात मात्र दगडाचा दुसरा अर्थ झाला. बीड जिल्ह्यातली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्या पिढीला अंगणात दगड मांडून ठेवा म्हटलं तर ती हसेल, आणि तिचं हसणं मला पटतं. शोभेसाठी मी सांगतच नाहीये.

उताराला आडवा, मोठा दगड घ्या. तिसरा हिस्सा तरी जमिनीत गाडा आणि वरचा माथा किंचित मागं, चढाकडं कलता ठेवा. म्हणजे पडलेलं पाणी पुढं घरंगळत नाही, दगडामागच्या मातीत उतरतं. दगडाखालची ओल लवकर उडत नाही. कुठल्याही माळावर उन्हाळ्यात दगड उलटून बघा, कळेल.

इथं एक गोष्ट इंग्रजांची नक्कल करून चालणार नाही. त्यांच्या शिळाबागा थंड डोंगरातल्या झाडांसाठी होत्या. आपला काळा दगड एप्रिलात तव्यासारखा तापतो. म्हणून नाजूक रोप दगडाच्या उत्तरेला किंवा पूर्वेला लावायचं, दुपारची सावली मिळते. दक्षिण-पश्चिमेला कोरफड, निवडुंग. आणि माकडशिंग! माळावरच्या खडकांत आपोआप येणारं, भाजी करून खाल्लं जाणारं झाड आपण नर्सरीत शोधत नाही, कारण ते फुकट असतं.

राहिला विंचवाचा प्रश्न. तो खराच आहे, घरातल्या बाया पहिल्यांदा तोच विचारतात. सैल रचलेल्या ढिगात विंचू राहणार. म्हणून दगड पक्के गाडायचे, फटी मुरूम ठासून बुजवायच्या, आणि उंबऱ्यापासून चार हात लांब ठेवायचं. रात्री मात्र बॅटरी घेतल्याशिवाय त्या बाजूला जाऊ नका.