जागा नाही? मग शेजारी बघा

परवा शनिवारी रात्री अकराला फोन. क्लायंटचा सर्व्हर बसलाय, सोमवारी सकाळी त्यांचे पगार निघायचेत. लॉगिन करून 'डीएफ -एच' मारलं. रूट पार्टिशन १०० टक्के भरलेलं, आणि त्याच डिस्कवर शेजारचं होम जवळपास रिकामं! कोण शहाण्याने ही वाटणी केली म्हणून चिडलो. (पाच वर्षांपूर्वी मीच केली होती. असो.)

या वाटणीचं मूळ थेट १९७१ मध्ये सापडतं. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स तेव्हा एका पीडीपी-११ वर चालायचं. मेमरी २४ किलोबाइट, डिस्क ५१२ किलोबाइट. आज मोबाइलवरचा एक धड फोटो त्यात मावायचा नाही. त्यात पेटंट विभागाचे तीन टायपिस्टही त्याच यंत्रावर अर्ज टाइप करत बसलेले. त्या नोव्हेंबरात युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं, त्यात 'डीएफ' आणि 'डीयू' दोन्ही हजर आहेत. नवल ते काय! एक सांगतं किती उरलंय, दुसरं सांगतं कोणी किती खाल्लंय.

डिस्क काही ताणून मोठी होत नाही. मग दुसरी डिस्क जोडली, यूजर मंडळींच्या फायलींसाठी. नाव यूएसआर. पुढे पहिल्या डिस्कवर प्रोग्रामही मावेनात, तेव्हा तेही यूएसआरमध्ये नेऊन ठेवले. 'बिन' होतंच, आता 'यूएसआर-बिन' झालं. कालांतराने यूजरनाच तिथून बिऱ्हाड हलवावं लागलं! फक्त 'माउंट' पहिल्या डिस्कवरच ठेवणं भाग होतं, कारण दुसरी डिस्क जोडायची ती त्यानेच. किल्ली पेटीत ठेवून कसं चालेल?

जागेच्या टंचाईतून झालेली ही सोय नंतरच्या पिढ्यांनी शास्त्र म्हणून पाळली. बूटला लागणारं बिनमध्ये, बाकीचं यूएसआरमध्ये, वगैरे. आम्हालाही हेच शिकवलं. शेवटी २०१२ मध्ये फेडोराने दोन्ही बिन एक केले; डेबियनने २०२३ पर्यंत वेळ घेतला.

दरम्यान १९९८ मध्ये लिनक्सला एलव्हीएम मिळालं आणि पार्टिशनच्या भिंती सरकवता यायला लागल्या. वाढवणं सोपं असतं: आधी 'एलव्हीएक्स्टेंड', मग 'रीसाइझ२एफएस', तेही चालू सर्व्हरवर. कमी करताना मात्र क्रम उलटा. आधी फाइल सिस्टिम आक्रसायची, मग तिच्याखालचा व्हॉल्यूम कापायचा. चुकलात तर फाइल सिस्टिमचं शेपूट डेटासकट कापलं जातं. शिवाय ईएक्सटी४ कमी करायची तर आधी अनमाउंट करावी लागते.

म्हणून आधी बॅकअप तपासला, होम उतरवलं, 'ई२एफएसके' चालवलं, आणि 'एलव्हीरिड्यूस'च्या एंटरआधी तो आकडा चार वेळा मोठ्याने वाचला. बायकोला वाटलं मी फोनवर बोलतोय.

पावणेदोनला रूट ५८ टक्क्यांवर आलं. झोपण्याआधी सहज 'व्हिच एलएस' मारून पाहिलं. उत्तर आलं, यूएसआर-बिन.