जीवनजी शेठ

अर्धं नैरोबी एकेकाळी जीवनजी शेठचं होतं, असं आमचे आजोबा सांगायचे. ते तिथे रेल्वेत कारकून होते. शेठना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. गोष्ट बाजारातल्या म्हाताऱ्या गुजराती दुकानदारांकडून ऐकलेली. त्यामुळे दर सुट्टीत शेठच्या इमारती वाढत जायच्या.

खरं तर तिखटमीठ लावायची गरजच नव्हती. अलीभाई मुल्ला जीवनजी हे कराचीचे बोहरी, जन्म १८५६ चा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला त्यांनी आधी फिरून माल विकला, मग धंदा थाटला. १८९० च्या सुमारास ते मोंबासाला आले. पुढे युगांडा रेल्वेचं काम निघालं, त्यासाठी सुमारे बत्तीस हजार हिंदी मजूर आणले गेले. मजूर, त्यांचं धान्य, बांधकामं. शेठनी ठेके घेतले. आजोबांच्या गोष्टीत इथे रेल्वेमार्गावरच्या त्सावोचे नरभक्षक सिंह यायचे. त्या कामावर अडीच हजारांच्या आसपास मजूर मेले आणि सिंहांच्या तोंडी गेलेले त्यांत थोडेच, हे मी पुढे वाचलं.

शेठनी नैरोबीत बाजार बांधला, मोंबासात वर्तमानपत्र काढलं, शहराला बाग दिली. मग शेठ राजकारणात कशाला पडले? ‘‘मान हवा होता,’’ आजोबा म्हणायचे. मला ते पटत नाही. वसाहतीतला डोंगराळ सुपीक पट्टा गोऱ्यांसाठी राखलेला. कितीही पैसे मोजले तरी हिंदी माणसाला तिथे जमीन नाही. दुकानदाराला हे झोंबलं असणार. वसाहतीच्या कायदेमंडळावर नेमलेले ते पहिले हिंदी, समोर सगळे गोरे. १९१० मध्ये लंडनला जाऊन त्यांनी गाऱ्हाणं मांडलं आणि पूर्व आफ्रिका हिंदुस्थानला जोडून टाका, असंही बोलून आले! आफ्रिकी माणसाला काय हवंय, हे विचारायचं ना गोऱ्यांना सुचलं, ना शेठना. एलिउड मथू हे पहिले आफ्रिकी सभासद मंडळात आले ते १९४४ मध्ये. शेठ १९३६ मध्येच गेले होते, तेही बरीचशी मिळकत हातची गेल्यावर.

बाग उरली. १९९१ मध्ये तिच्यावर बांधकामाचा घाट घातला गेला, तेव्हा शेठची नात झरीना पटेल उभ्या राहिल्या, पर्यावरणवादी वांगारी मथाई त्यांच्या बाजूनं आल्या, बाग वाचली. तिथे पुढे ‘बुंगे ला म्वनांची’ भरू लागली, म्हणजे सामान्यांची संसद. लोक बाकांवर बसून सरकारला धारेवर धरतात. या संसदेत सभासद कुणी नेमत नाही.