थ्रेड : सोपारा, अशोक आणि शिष्यांची शिस्त

जपानी शाळांत मुले स्वतःच वर्ग झाडतात, हे कौतुकाने सांगितले जाते. या सवयीचे नाते पुष्कळदा बौद्ध विहारांतील शिस्तीशी जोडले जाते. त्याच बौद्ध परंपरेचे एक प्राचीन केंद्र नालासोपाऱ्यात होते.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा. आजारपण, विवाह, पुत्रजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक जे मंगलविधी करतात त्यांचे फळ अल्प, असे हा नववा लेख सांगतो. मग खरे मंगल कोणते? दास-सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान. या यादीत सेवक गुरूंच्याही आधी येतात, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

गुरूंचा आदर म्हणजे प्रत्यक्षात काय, याचे तपशील विनयपिटकातील महावग्गात सापडतात. शिष्याने पहाटे उठून उपाध्यायांना दातवण व पाणी द्यावे, त्यांचे भिक्षापात्र धुवावे, निवास झाडावा. उपाध्याय बोलत असताना मध्येच तोंड घालू नये. मात्र त्यांचे बोलणे दोषाकडे झुकू लागले तर त्यांना आवरावे. गुरूला आवरण्याचे काम नियमानेच शिष्याकडे सोपवलेले आहे!

कर्तव्ये एकतर्फी नव्हती. शिष्य आजारी पडला, तर तीच दातवण-पाण्यापासून झाडलोटीपर्यंतची सेवा उपाध्यायांनी करायची. नीट न वागणाऱ्या शिष्याला दूर करता येई. किंबहुना तसे न करणे हाही उपाध्यायांचा दोष मानला जाई. पण त्या शिष्याने क्षमा मागितली आणि ती नाकारली, तर दोष पुन्हा उपाध्यायांच्याच माथी. रागाच्या भरात दुसऱ्या भिक्षूवर हात उगारणे तर निषिद्धच होते. छडीला गुरुत्वाचे लक्षण मानणाऱ्या नंतरच्या शाळांशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

१८८२ मध्येच भगवानलालांनी सोपाऱ्यातील ‘बुरूड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले. आत स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते. सर्वांत आतला सोन्याचा. त्यात मातीच्या पात्राचे इवलेसे तुकडे जपून ठेवले होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून पुजले गेले असावेत, असे भगवानलालांचे मत होते.