दप्तरातला विसावा

निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1865 च्या सुमारास मुलखाची जिल्हेवार आखणी करणारी जिल्हाबंदी अमलात आणली आणि मक्तेदारांच्या हातची वसुली पगारी सरकारी नोकरांकडे सोपविली, तेव्हापासून गोदावरीच्या खोऱ्यातील या मुलखात, म्हणजे आजच्या परभणी, पाथरी, गंगाखेड, जिंतूर या भागांत, बसून लिहिणाऱ्यांचा वर्ग झपाट्याने वाढीस लागला. अव्वल तालुकदाराच्या कचेरीतील सरिश्तेदार व पेशकार, तहसिलीतील अहलकार आणि गावोगावचे पटवारी यांच्या हातून जमाबंदीचे, पाहणीचे आणि दाव्यांचे असंख्य कागद निघाले, आणि त्या कागदांबरोबर मान, पाठ व डोळे झिजविणारी एक उपजीविकाही या मुलखात रूढ झाली.

या मंडळींची साधने मंद होती, आणि माझ्या मते त्या मंदपणानेच त्यांच्या मस्तकाचे रक्षण केले. बोरू काही शब्दांनंतर दौतीत बुडवावा लागे, त्याचे टोक बोथट झाले की चाकूने तासावे लागे, ओल्या शाईवर वाळू शिंपडून ती झटकावी लागे, दुसरी मिसल, म्हणजे दुसऱ्या प्रकरणाचे कागद, हवी असल्यास उठून ती बांधलेला कापडी रुमाल सोडावा लागे. आणि अशा प्रत्येक खटाटोपात दृष्टी कागदावरून उठून दूर जाई, मान वर होई, बोटे मोकळी होत. बैठ्या, उतरत्या मेजामुळे कागद डोळ्यांपुढे काहीसा उभा राही, खिडकीलगतच्या बैठकीवर उजेड बाजूने येई, आणि कंदिलाच्या प्रकाशात मोडी वाचणे फार वेळ कोणासच झेपत नसल्यामुळे दिवसाबरोबर दप्तरही बहुधा मिटत असे.

त्या काळी लिहिणाऱ्यांचे डोके दुखत नसे असे मात्र कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार वर्णिले आहेत, आणि त्यांतील सूर्याबरोबर चढणारा सूर्यावर्त व अर्धे मस्तक भेदणारा अर्धावभेदक यांवर सुंठ उगाळून कपाळाला लेप देण्याची रीत आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाही. कामकऱ्यांच्या रोगांवर प्रथम सविस्तर ग्रंथ लिहिणारा इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने 1713 च्या पुरवणीत कारकुनांवर स्वतंत्र प्रकरण घातले, आणि त्यांच्या व्याधींची तीन कारणे नोंदविली: सततची बैठक, हाताची एकच एक हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा अविरत ताण. ही तिन्ही कारणे आजच्या कचेरीत जशीच्या तशी लागू पडतात.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यास जोडला गेला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. या बारा वर्षांच्या उलथापालथीत, उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या उर्दूत नोकरी धरलेल्या कारकुनाला आधी इंग्रजीशी आणि मग देवनागरीतील शासकीय मराठीशी जुळवून घ्यावे लागले, तेही पुष्कळदा नेमके अशा वयात की जेव्हा डोळ्यातील भिंगाची लवचिकता ओसरून चाळिशी लागते. त्या पिढीच्या या कष्टांची नोंद आपण कोठेच आदराने केलेली नाही, याची मला खंत वाटते. याच सुमारास टंकलेखन यंत्र आले, गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे यंत्र बाजारात आणले. त्याचा खडखडाट त्रासदायक खरा, परंतु ओळ संपली की घंटी वाजे, खटका ओढून रूळ मागे न्यावा लागे, पान भरले की कार्बन लावून नवा कागद चढवावा लागे, आणि एवढा विसावा तरी त्या यंत्राने शिल्लक ठेवला होता.

संगणकाने तोही हिरावून घेतला. सात-बाराचे उतारे संगणकात चढले, 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा सुरू झाला, आणि दिवसा सर्व्हर संथ चालतो म्हणून फेरफाराच्या नोंदी रात्री जागून करण्याची पाळी तलाठ्यांवर आली. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते, डोळे कोरडे पडतात, जवळचे पाहण्यासाठी आवळलेला डोळ्यातील सूक्ष्म स्नायू तासन्‌तास सैल होत नाही, मान पुढे झुकते आणि खांद्यापासून कपाळापर्यंत एक पट्टा आवळल्यासारखा वाटतो. त्यात वैशाखात पारा 42 अंशांवर गेला आणि पाणी पिणे राहून गेले, म्हणजे दुपारपर्यंत मस्तक ठणकू लागते.

2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील जुने मोडी व उर्दू दस्तऐवज पुन्हा उघडले गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या फिकट शाईचा अर्थ लावायचा आणि त्या कागदाची प्रतिमा पडद्यावर तपासायची, असे दुहेरी ओझे त्या वेळी एकाच माणसाच्या डोळ्यांवर पडले. दोन युगांचा ताण इतका एकवटलेला दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही.

दौत आणि रूळ जो विसावा न मागता देत होते, तो आता नियम करून घ्यावा लागेल. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर व अंतर हातभर ठेवावे, खिडकी पाठीमागे नसावी, चाळिशीनंतर पडद्याच्या अंतरासाठी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय काही महिने टिकली, तर त्या गोळीनेच डोकेदुखी मागे लागते, हेही ध्यानात असू द्यावे. आणि वेदना एकाएकी असह्य झाली, दृष्टी अंधारली, बोलणे अडखळले किंवा ताप व उलटी सोबत आली, तर काम तेथेच टाकून दवाखाना गाठावा. कचेरीच्या प्रमुखांना माझी विनंती एवढीच, की तासाभराने खुर्चीवरून उठणाऱ्या माणसाला त्यांनी कामचुकार समजू नये.