फ्रीबीएसडी पोर्ट्स

फ्रीबीएसडी या युनिक्ससदृश कार्यप्रणालीवर इतरांनी लिहिलेली सॉफ्टवेअर बसवण्याची व्यवस्था. जॉर्डन हबर्ड यांनी १९९४ मध्ये तिची सुरुवात केली. आज तीत ३० हजारांहून अधिक पोर्ट आहेत.

पोर्ट म्हणजे तयार सॉफ्टवेअर नव्हे, तर ते बांधण्याची कृती. प्रत्येक पोर्टची छोटी निर्देशिका असते. तिच्यातील मेकफाइल मूळ संहिता कुठून आणायची आणि आधी कोणती अवलंबने हवीत हे सांगते; डिस्टइन्फो फाइलीत उतरवलेल्या संहितेचा आकार व एसएचए-२५६ ठसा असतो. ठसा जुळला नाही, तर काम तिथेच थांबते. ही दक्षता या रचनेचे खरे बळ होय. त्यानंतर फ्रीबीएसडीसाठीचे फेरफार लावून संहिता संकलित होते आणि सहसा ‘/यूएसआर/लोकल’खाली बसते, मूळ प्रणाली वेगळी राहते.

‘मेक इन्स्टॉल क्लीन’ या एका आज्ञेत हे सारे उरकते, मात्र मोठ्या पोर्टला कित्येक तास लागू शकतात. घाई असल्यास ‘पीकेजी’ या साधनाने आधीच संकलित केलेली पॅकेजे घ्यावीत. दोन्ही मार्ग मिसळल्यास आवृत्त्या जुळेनाशा होऊ शकतात. अद्ययावत करण्यापूर्वी पोर्ट्समधील ‘अपडेटिंग’ फाइल अवश्य वाचावी.