दंडावरून दंडावर

आपल्या पूर्वजांनी एका रोगाला 'देवी' म्हटले. त्यांना त्याची भीती किती होती, हे त्या नावावरूनच कळते. मूल तापाने फणफणले, अंगावर फोड दिसू लागले की 'देवी आल्या' म्हणायचे, कडुलिंबाचे डहाळे आणायचे आणि शीतळादेवीला हात जोडायचे. पुढे सरकारी माणूस दंडावर टोचून जाऊ लागला, तेव्हा त्यालाही आपण 'देवी काढणे' असेच म्हणालो. आज साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दंडावर तो वाटोळा वण दिसतो. या वणाची कथा मोठी लांबची आहे. तिच्यातला एक अध्याय अमेरिकेच्या लोकराज्याच्या बालपणी घडला. शाळेत इतिहास शिकवताना मला तो वारंवार आठवतो.

गाईच्या देवींची लस निघण्यापूर्वी एक जुनी रीत होती. देवीच्या रोग्याच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या कातडीत घालायचा. त्याने रोग बहुधा सौम्य येई आणि पुन्हा कधी येत नसे. बोस्टन शहराला ही रीत कळली ती ओनेसिमस नावाच्या एका आफ्रिकी गुलामाकडून. आपल्या मुलखात आपल्याला असे टोचले होते, असे त्याने आपल्या मालकाला, कॉटन मेथर या धर्मोपदेशकाला सांगितले. १७२१ साली बोस्टनमध्ये देवीची साथ आली आणि सुमारे अकरा हजार वस्तीच्या त्या शहरात ८४४ माणसे गेली. ज्यांना रोग झाला त्यांतले सातांत एक दगावले. ज्यांना डॉक्टर बॉइल्स्टन याने टोचले होते त्यांत सुमारे चाळिसांत एक. गुलामाचे ज्ञान खरे ठरले. मात्र टोचून घेतलेला माणूस इतरांना खरा रोग देऊ शके, ही त्या रीतीतली मोठी खोट होती.

ती खोट इंग्लंडच्या जेन्नरने काढली. गाईच्या देवी अंगावर आलेल्या गवळणींना माणसाच्या देवी होत नाहीत, हे हेरून त्याने १७९६ साली एका माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवींची लस टोचली. १७९८ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. ते हार्वर्डमधले वैद्यकाचे प्राध्यापक बेंजामिन वॉटरहाउस यांच्या हाती पडले आणि मार्च १७९९ मध्ये त्यांनी बोस्टनच्या वर्तमानपत्रात त्याची माहिती दिली. पुढे इंग्लंडहून लसीत भिजवलेला दोरा आला. ८ जुलै १८०० रोजी वॉटरहाउसांनी ती लस आपल्या पाच वर्षांच्या डॅनियलला टोचली. मग धाकट्या मुलाला, नोकर पोराला, घरातल्या आणखी माणसांना. त्यानंतर त्यांना देवीच्या इस्पितळात नेऊन खऱ्या रोगाशी गाठ घालून दिली. कोणालाच काही झाले नाही. शास्त्रावर विश्वास ठेवणे निराळे आणि पोटच्या पोराचा दंड पुढे करणे निराळे. त्या बापाची त्या रात्री काय अवस्था झाली असेल!

पण हाच माणूस मोहातही पडला. लस आपल्याच हाती राहावी, दुसऱ्या डॉक्टरांना ती द्यायची तर नफ्याचा वाटा घेऊन द्यावी, असा त्यांचा बेत होता. साहजिकच लोक मिळेल तिथून लस मिळवू लागले. मार्बलहेड गावी त्याच वर्षी लस म्हणून जे टोचले गेले ती खरी देवीच निघाली. साथ पसरली आणि साठांवर माणसे प्राणास मुकली. यानंतर वॉटरहाउसांनी लस मोकळ्या हाताने वाटायला सुरुवात केली.

त्यांनी आपली पुस्तिका थॉमस जेफरसन यांना पाठवली. १८०१ साली जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले. बोस्टनहून दक्षिणेकडे लस पाठवली की ती वाटेत निकामी होई. हा उन्हाचा प्रताप असावा, हे जेफरसन यांनी ओळखले आणि उपाय सुचवला : लसीची बुधली पाण्याने भरलेल्या दुसऱ्या मोठ्या बुधलीत ठेवावी. आपल्याकडे उन्हाळ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाण्याचा तांब्या ज्याने पाहिला आहे, त्याला ही युक्ती घरचीच वाटेल! ऑगस्टमध्ये लस मॉन्टिसेलोला, त्यांच्या डोंगरावरच्या घरी, जिवंत पोहोचली. त्यांनी, त्यांच्या जावयांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून सुमारे दोनशे जणांना टोचले. फोड आठव्या दिवशी पिकला की त्यातली लस दुसऱ्याला टोचायची, अशी ही साखळी. मधला एक दंड चुकला की सारे संपले.

यांतले सत्तर-ऐंशी जण 'माझ्या कुटुंबातले', असे जेफरसन यांनी लिहिले आहे. हे 'कुटुंब' म्हणजे मुख्यतः त्यांचे गुलाम. सर्व माणसे समान आहेत, असे जाहीर करणाऱ्या लेखणीने लिहिलेला हा शब्द आहे! त्या गुलामांचे प्राण वाचले, हे खरे. त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. उपकार आणि मालकी एकाच हातात असली की त्या हाताचा न्याय करणे अवघड होते.

त्याच हिवाळ्यात मायामी जमातीचा नायक लिटल टर्टल वॉशिंग्टनला आला. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी टोचून घेतले आणि लस बरोबर नेली. १८०३ मध्ये पश्चिमेच्या शोधास निघालेल्या मेरिवेदर लुइसलाही, लस न्यावी आणि वाटेतल्या जमातींना ती समजावून सांगावी, अशी आज्ञा होती. परंतु लस वाटेतच मेली. १८०४-०५ चा हिवाळा त्याने मिसूरी नदीकाठी मँडन लोकांच्या शेजारात काढला, तो लसीवाचूनच. १८३२ मध्ये आदिवासींना टोचण्याचा कायदा झाला, तेव्हा डॉक्टरांनी नदीने फार वर जाऊ नये, असा वरिष्ठांचा हुकूम सुटला आणि मँडन पुन्हा वगळले गेले. १८३७ साली देवी आल्या. दीड-दोन हजारांच्या त्या जमातीत शे-सव्वाशे माणसे उरली. औषध होते, पैसाही मंजूर झाला होता. ही माणसे मात्र हिशेबात नव्हती.

मॉन्टिसेलोच्या त्या उन्हाळ्याला वर्ष होते न होते तोच जेन्नरची हीच लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशी मजल मारीत मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ती ज्या दंडात रुजली, तो होता ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीचा, एका नोकराच्या लेकीचा. तिच्या दंडावरून मुंबईतल्या इतर मुलांना टोचले गेले आणि तेथून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी देशभर गेली.

१८०६ साली जेफरसन यांनी जेन्नरला आभाराचे पत्र लिहिले. हा किळसवाणा रोग पुढच्या पिढ्यांना केवळ इतिहासातूनच ठाऊक राहील, असे त्यात भाकीत होते. ते खरे झाले. भारतातला शेवटचा रोगी १९७५ मधला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने पृथ्वी देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. या विजयाच्या बखरीत जेन्नर, वॉटरहाउस, जेफरसन यांची नावे आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण लस काही त्यांच्या कागदांवरून पुढे सरकली नाही. ती माळ्याच्या पोरावरून, नोकराच्या लेकीवरून, मॉन्टिसेलोच्या गुलामांवरून आठ-आठ दिवसांनी सरकत आली. त्यांतल्या बहुतेकांची नावे मुलांच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. वर्गात हा धडा आला की मी एवढेच सांगतो : मुलांनो, तुमच्या आजीच्या दंडावरचा वण नीट पाहून ठेवा. तो या सगळ्यांनी मिळून दिलेला आहे.