शिक्षण सेवक : मानधन घेत शिक्षक होण्याची तीन वर्षे

डॉक्टरकीचा अभ्यास संपला की रेसिडेन्सी असते. दवाखान्यात काम करायचे, वरिष्ठांच्या हाताखाली शिकायचे आणि दरमहा विद्यावेतन घ्यायचे. अमेरिकेत बोस्टन शहरात २००३ पासून शिक्षक घडवण्यासाठी असाच प्रयोग सुरू आहे. नवा उमेदवार वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहतो, पैसे मिळवतो आणि शिकतो. आपल्याकडे या नावाचा कोर्स नाही. पण महाराष्ट्रात सहावी ते आठवीचा, म्हणजे उच्च प्राथमिकचा शिक्षक ज्या दारातून नोकरीत शिरतो, ते दार बरेचसे तसेच आहे. त्याचे नाव शिक्षण सेवक. बी.एड. झालेली मुले-मुली घरात असलेल्या पालकांनी हा रस्ता नीट समजून घ्यावा, म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

सहावी ते आठवीसाठी पात्रता

पदवी आणि डी.एल.एड. (जुने डी.एड.), किंवा पदवी आणि बी.एड., किंवा बारावीनंतरचा चार वर्षांचा एकत्रित कोर्स, यांपैकी एक लागते. बी.एड.साठी पदवीला ५० टक्के गुण धरले जातात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही असा निकाल दिला. त्यामुळे बी.एड. केलेल्यांसाठी सहावी ते आठवी हे आता सगळ्यात जवळचे ठिकाण आहे. बी.एड. दोन वर्षांचे आहे आणि त्यात साधारण २० आठवडे शाळेतील इंटर्नशिप असते. पण त्या इंटर्नशिपला पैसे मिळत नाहीत, उलट फी आपणच भरतो. कमाई सुरू होते ती पुढे.

उर्दू माध्यमातून शिकलेल्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे अध्यापक महाविद्यालय औरंगाबादेत (छत्रपती संभाजीनगर) आहे.

दोन परीक्षा, दोन वेगळी कामे

टीईटी आणि टेट या दोन नावांत बऱ्याच घरांत घोळ होतो.

टीईटी ही पात्रता परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन असतो. १५० प्रश्न, १५० गुण, वेळ अडीच तास. बालमानसशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३० आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र ६०. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पहिली भाषा उर्दू घेता येते. एकदा पास झाले की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. यात पास-नापास नाही, फक्त गुण. २०० प्रश्न आणि १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटही नाही. १२० प्रश्न अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. ही परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. दरवर्षी होईल असे धरून बसू नका. संधी आली की तयारी झालेली हवी.

टेटच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती होते. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिकेच्या जागा मुलाखतीशिवाय भरल्या जातात. खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहे.

कागदपत्रे आणि माध्यम

आपल्या समाजातील अनेक बिरादऱ्या ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांच्या यादीत आहेत. पण जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर वेळेवर नसल्याने मुले खुल्या प्रवर्गात अर्ज भरतात. अब्बा, चाचा, दादा यांच्या शाळेच्या दाखल्यावर काय नोंद आहे ते आजच बघा. निकाल लागल्यावर धावपळ करून वैधता मिळत नाही.

उर्दू माध्यमाच्या जागांना उमेदवाराचे शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले हे बघतात. अनुसूचित जमातीसारख्या प्रवर्गांत उर्दू शिकलेले उमेदवार फार कमी, म्हणून त्या राखीव जागा रिकाम्या राहतात आणि मुलांना शिक्षक मिळत नाही. हा प्रश्न संघटनांनी मांडायचा आहे. उमेदवाराने आपल्या प्रवर्गाच्या जागा मोजूनच पसंतीक्रम भरावा.

तीन वर्षे आणि मानधन

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक. ही योजना राज्यात २००० पासून आहे. मानधन बरीच वर्षे प्राथमिकसाठी महिना ६,००० रुपयांवर अडकले होते. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिक व उच्च प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० झाले. १६,००० धरले तर तीन वर्षांचे ५,७६,००० रुपये होतात. काम मात्र कायम शिक्षकाएवढेच असते. तीन वर्षे समाधानकारक झाली की नियमित वेतनश्रेणी मिळते. काम समाधानकारक नसेल तर सेवा थांबवताही येते.

बऱ्याचदा नोकरी घरापासून दोन-तीनशे किलोमीटरवर लागते. खोलीचे भाडे, जेवण, येणे-जाणे यात पगाराचा मोठा भाग जातो. मुलगी असेल तर घरात आणखी विचार होतो. आमचे सांगणे एवढेच की हिशेब आधी करा, पण पहिल्या पगाराचा आकडा बघून नोकरी सोडू नका. तिथे खोली बघायला भाऊ किंवा अम्मी आठ दिवस सोबत गेले तरी अर्धी काळजी मिटते.

या तीन वर्षांत शिकायचे काय?

इथे बोस्टन आणि आपल्यात फरक पडतो. तिथे अनुभवी शिक्षक शेजारी उभा असतो. आपल्याकडे पहिल्याच दिवशी हजेरीपट हातात येतो आणि वर्ग आपला होतो. उस्ताद आपणच शोधावा लागतो. शाळेतील एखाद्या जुन्या सरांना किंवा बाजींना विनंती करून आठवड्यातून दोन तास त्यांच्या वर्गात मागे बसा. मग त्यांना आपल्या वर्गात बोलवा. टाचण रोज लिहा, आणि तास संपल्यावर काय जमले नाही ते त्याच पानावर दोन ओळींत लिहा.

सहावी ते आठवीचे वय नाजूक असते. पाचवीपर्यंत हसत येणारे मूल इथे गप्प होते. अपूर्णांक आणि बीजगणित इथेच अडते. उर्दू शाळेतील मुलांची मराठी इथे कच्ची राहिली तर पुढे दहावीला आणि स्पर्धा परीक्षेला त्रास देते. आठवीनंतर मुलींची शाळा सुटण्याचा धोका असतो, कारण अनेक गावांत पुढचा वर्ग दुसऱ्या गावात असतो. जो शिक्षण सेवक सातवीपासून त्या मुलीच्या घरी जाऊन बोलतो, त्याच्या शब्दाला वजन येते.

इतर मानधनी वाटा

टीच फॉर इंडिया ही संस्था २००९ पासून दोन वर्षांची पूर्णवेळ फेलोशिप देते. मुंबई-पुण्यातून सुरुवात झाली. पदवीधर अर्ज करू शकतात, दरमहा मानधन मिळते आणि वर्ग स्वतः सांभाळायचा असतो. पण ही सरकारी नोकरी नव्हे आणि त्यातून टीईटी सुटत नाही. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही पदवीधरांना महिना १०,००० रुपयांवर घेतले गेले, काहींना शाळाही मिळाल्या. त्यातून कायम नोकरीचा हक्क मिळत नाही.

अल्पसंख्याक संस्था आणि पैशाचा प्रश्न

अल्पसंख्याक दर्जाच्या संस्था आपले शिक्षक स्वतः निवडतात. तरी शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी मिळाल्याशिवाय सरकारी पगार सुरू होत नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होण्यास सांगितले. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे. म्हणून 'आपली संस्था आहे, टीईटी लागत नाही' या भरवशावर कोणी राहू नये.

आणि 'सेटिंग' पासून लांब राहा. २०१९-२० च्या टीईटीतील गैरव्यवहारात साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल रद्द झाले. घर गहाण ठेवून दिलेले पैसे गेले, नावही गेले. नियुक्तीसाठी कोणी लाखांत रक्कम मागत असेल तर आधी चार कागद मागा : मंजूर पद, अनुदानाची टक्केवारी, जाहिरातीची परवानगी आणि आधीच्या शिक्षकांची मान्यता. जो कागद दाखवत नाही, त्याच्याकडे देण्यासारखी नोकरीही नसते. तेवढ्या पैशात एक वर्ष नीट अभ्यास करून टेटला चांगले गुण आणता येतात, आणि ते गुण कोणी काढून घेऊ शकत नाही.